'साठी' की 'मुळे'?

उंच झाडांची पानं खाण्यासाठी जिराफाची मान लांब झाली. बर्फात लपण्यासाठी ध्रुवीय अस्वलाला पांढरी फर आली. औषधापासून वाचण्यासाठी जिवाणूंनी स्वतःत बदल केले.

तिन्ही वाक्यं कानाला अजिबात खटकत नाहीत. आणि तिन्ही चुकीची आहेत. चूक एकाच शब्दाची आहे: 'साठी'.

'साठी' म्हटलं की हेतू आला, आणि हेतू म्हटला की तो कुणाच्या तरी डोक्यात असायला हवा. जिराफाच्या डोक्यात, नाहीतर निसर्ग नावाच्या कुणा हुशार कारागिराच्या. जीव काळानुसार बदलतात, असं म्हणणारे लोक चार्ल्स डार्विनच्या आधीही होते. डार्विनने 1859 साली आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं तेव्हा खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. हेतू वजा केला तरी हिशेब जुळतो, हे त्याने दाखवलं. जिराफांच्या कळपात काहींच्या माना जन्मतःच इतरांपेक्षा थोड्या लांब होत्या. त्यांची पिल्लं जास्त जगली. त्यामुळे पुढच्या पिढीत लांब मानेवाले वाढले. सगळा कारभार 'मुळे'चा. 'साठी' कुठेच नाही. (मलाही लिहिताना दर चार ओळींनी 'साठी' खोडावा लागतो, तेव्हा वाचकाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.)

गरज ही शोधाची जननी, असं आपण म्हणतो. माणसाच्या शोधांबाबत ते असेलही. जिवांच्या शरीरात मात्र बदल आधी होतो आणि त्याची गरज नंतर पडते. बहुतेक वेळा तर पडतच नाही.

हे नुसतं म्हणून चालणार नाही, दाखवायला हवं. ते 1952 साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या जोडप्याने दाखवलं, तेही मखमलीच्या तुकड्याने. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत पोषक जेलीवर जिवाणू वाढवलेले असतात. त्या बशीएवढ्या गोल ठोकळ्यावर मखमल ताणून बांधली आणि ती बशीवर हलकेच दाबली. मखमलीच्या उभ्या तंतूंना जागोजागचे जिवाणू चिकटले. मग तीच मखमल, न फिरवता, दुसऱ्या बशीवर दाबली, तिसऱ्या बशीवर दाबली. रबरी शिक्का मारतात तसं. फरक एवढाच की या नव्या बश्यांच्या जेलीत स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध मिसळलेलं होतं.

जवळपास सगळे जिवाणू मेले. प्रत्येक बशीत मोजके ठिपके वाढले, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या वसाहती. आता बघायचं ते इथे. औषध समोर आल्यावर जिवाणू जर धडपड करून बदलले असते, तर एका बशीत कुणी या कोपऱ्यात बदलला असता, दुसऱ्या बशीत कुणी त्या कोपऱ्यात. पण सगळ्या बश्यांमध्ये ठिपके त्याच त्याच जागी होते. याचा अर्थ, दाद न देणारे जिवाणू मूळ बशीतच त्या जागी बसलेले होते. मूळ बशीने तर औषधाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. मग लेडरबर्ग दांपत्याने त्या मूळ बशीतल्या नेमक्या त्या जागेवरचे जिवाणू उचलले, वाढवले, पुन्हा मखमल दाबली, पुन्हा जागा शोधली. असं करत करत त्यांनी औषधाला दाद न देणारा वाण तयार केला, ज्याच्या एकाही पूर्वजाला औषधाचा स्पर्श झालेला नव्हता.

मला हा प्रयोग फार देखणा वाटतो. शिवणकामाच्या टोपलीत सापडेल अशा वस्तूने एवढा मोठा वाद निकालात काढला!

तेव्हा जिवाणू औषधाला 'सरावतात' म्हणणं बरोबर नाही. औषध त्यांना काही शिकवत नाही, ते फक्त चाळतं. चाळणीवर जे उरतात ते आधीपासून वेगळे असतात, आणि आता त्यांना रान मोकळं मिळतं. काही जिवाणू असे गुण शेजाऱ्याला थेट देऊही शकतात, त्यामुळे प्रकरण आणखी झपाट्याने पसरतं. पण चाळण तीच. (शास्त्रात हिलाच नैसर्गिक निवड म्हणतात.)

मग हे आधीपासूनचे वेगळेपण येतं कुठून? नकल करताना होणाऱ्या चुकांतून. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो आणि त्यावर चार प्रकारच्या रसायनांची ओळ असते. त्यांना आपण अक्षरं म्हणू. माणसात आईकडून आलेल्या संचात साधारण 3 अब्ज अक्षरं, वडिलांकडून आलेल्या संचात तितकीच. या ओळीतला ज्याचा काही उपयोग होतो असा एखादा तुकडा म्हणजे जनुक. पेशी दुभंगण्याआधी सगळी ओळ उतरवून काढली जाते आणि उतरवणारी यंत्रणा कमालीची काटेकोर आहे. तरी 3 अब्ज अक्षरं म्हटल्यावर कुठेतरी हात चुकणारच. प्रत्येक नवजात बाळात, आईबापांत नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल असतात. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. बहुतेकांमुळे ना भलं होतं ना वाईट. काही घातक. एखादा विरळाच, तोही विशिष्ट परिस्थितीत, उपयोगी.

'विशिष्ट परिस्थितीत' हे शब्द मुद्दाम वापरले. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदललं की सिकल सेलचा आजार उद्भवू शकतो. बदललेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि आयुष्यभराचं दुखणं मागे लागतं. एकाकडूनच आलं तर माणूस एरवी ठणठणीत असतो, शिवाय गंभीर मलेरियापासून त्याला चांगलं संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरियाचा कहर होता, तिथे हा बदल टिकून राहिला. मलेरिया नसेल तर तेच अक्षर निव्वळ तोट्याचं. 'बळी तो कान पिळी' हे उत्क्रांतीचं सार म्हणून सांगितलं जातं तेव्हा म्हणूनच वैताग येतो. इथे बळ कुणाचं? आणि कान कुणाचे?

डार्विनला यातलं काहीही माहीत नव्हतं. जनुकं नाहीत, डीएनए नाही. त्याला एक अडचण कायम छळत राहिली. त्या काळची समजूत अशी की आईबापांचे गुण मुलांत रंगांसारखे मिसळतात. तसं असेल तर एखादा उपयुक्त नवा गुण दोनचार पिढ्यांत पातळ होऊन नाहीसा होईल; पांढऱ्या रंगाच्या बादलीत लाल थेंब पडल्यावर होतो तसा. मग निवड व्हायची कशाची? याचं उत्तर डार्विनच्या हयातीतच छापून आलेलं होतं. ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल वाटाण्याची हजारो झाडं लावून मोजत बसला होता. 1865 मध्ये त्याने आपले निष्कर्ष वाचून दाखवले, 1866 मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि 1900 पर्यंत कुणी त्यांची विशेष दखल घेतली नाही. त्याला दिसलं होतं की पिवळ्या आणि हिरव्या वाटाण्यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत हिरवा रंग गायब होतो, पण पुढच्या पिढीत दर चारांत साधारण एक, पुन्हा तसाच हिरवागार परत येतो. जरासुद्धा पातळ न होता. म्हणजे गुण रंगांसारखे मिसळत नाहीत. ते पत्त्यांसारखे पिसले जातात. डाव मोडला तरी पत्ता शाबूत राहतो.

आता चाळण आणि पत्ते एकत्र काम करताना पाहायचे असतील तर गॅलापागोस बेटांवर जावं लागेल. तिथल्या डॅफ्नी मेजर नावाच्या चिमुकल्या, ओसाड, ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी 1973 पासून काम सुरू केलं. बेट इतकं लहान की तिथल्या जवळजवळ प्रत्येक फिंच पक्ष्याला पकडून, पायात कडी घालून, त्याची चोच मोजणं शक्य होतं. आणि त्यांनी ते खरोखर वर्षानुवर्षं केलं.

1977 साली पाऊस पडला नाही. बारीक, मऊ बिया पक्ष्यांनी लवकरच फस्त केल्या. उरल्या त्या मोठ्या, कडक बिया. त्यातही सराट्याच्या जवळच्या भाईबंदाच्या काटेरी फळांतल्या. ज्याच्या पायात सराटा रुतलाय त्याला त्या फळाचा कडकपणा सांगायला नको. मध्यम आकाराच्या ज्या फिंचवर ग्रँट दांपत्याचं विशेष लक्ष होतं, त्यातले दर शंभरांत सुमारे 85 पक्षी मेले. जे वाचले त्यांत जाड चोचीचे जास्त होते, कारण काटेरी फळ फोडणं त्यांनाच जमत होतं. चोचीची सरासरी जाडी सुमारे अर्ध्या मिलिमीटरने वाढली. जेमतेम नखाच्या जाडीएवढी.

इथे थोडं थांबू या, कारण गल्लत हटकून इथे होते. एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. वर्गातली सगळी बुटकी मुलं दुसऱ्या शाळेत गेली की वर्गाची सरासरी उंची वाढते. कुणी एक इंचही उंच झालेलं नसतं. जीव बदलत नाही, समूहातलं प्रमाण बदलतं. पण नुसतं एवढ्याने उत्क्रांती झाली असंही म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी जन्मलेली पिल्लं जर पुन्हा पूर्वीच्याच चोचीची निघाली असती, तर सगळं मुसळ केरात. तशी ती निघाली नाहीत. चोचीची जाडी मोठ्या प्रमाणात आईबापांकडून येते, त्यामुळे वाचलेल्यांची पिल्लंही जाड चोचीची झाली. वेगळेपण, ते वारशाने जाणं, आणि त्या वेगळेपणामुळे कमीजास्त पिल्लं जगणं: या तीन गोष्टी एकत्र आल्या की उत्क्रांती होते. तिला थांबवायचंच म्हटलं तर यातली एक तरी काढून घ्यावी लागेल.

पुढे काय झालं ते जास्त मजेशीर आहे. 1982-83 मध्ये प्रशांत महासागराचं पाणी तापवणाऱ्या एल निनोमुळे बेटावर धो धो पाऊस पडला, वेली माजल्या, बारीक बियांचा सडा पडला. आता जाड चोच अडचणीची ठरली आणि बारीक चोचीवाल्यांची चलती झाली. सरासरी उलट्या दिशेने सरकली. त्यानंतर 2000 नंतरच्या दशकात पुन्हा दुष्काळ आला, तेव्हा तर्काने जाड चोचीच जिंकायला हव्या होत्या. पण दरम्यान बेटावर आणखी मोठ्या चोचीची वेगळी फिंच जात येऊन राहिली होती आणि काटेरी फळं तिनेच बळकावली होती. या खेपेला दुष्काळात बारीक चोची वाचल्या. दुष्काळ तोच, निकाल उलटा. पुढे या वाचण्या-मरण्याशी जोडलेला एचएमजीए2 नावाचा जनुकांचा पट्टाही सापडला.

म्हणूनच 'उत्क्रांती' या शब्दावर माझा थोडा राग आहे. 'उत्' म्हणजे वर. 'क्रांती'त पाऊल टाकणं आहे, संक्रांतीत आहे तेच. थोडक्यात, वर टाकलेलं पाऊल. शब्दातच पायऱ्या आल्या, आणि पायऱ्या आल्या की सगळ्यात वरच्या पायरीवर कोण उभं राहणार हे सांगायला नको. माणूस लगेच छाती काढून तिथे जाऊन उभा राहतो. डॅफ्नीवरच्या चोचींना वर-खाली असं काही माहीत नाही. पण शब्द आता रुळलाय, बदलायला गेलो तर कुणाला कळणारही नाही.

आणखी एक गोष्ट ओझरती सांगून पुढे जातो. सगळे बदल निवडीमुळेच होतात असंही नाही. लहानशा समूहात निव्वळ योगायोगानेही एखादं जनुक सगळीकडे पसरतं किंवा कायमचं पुसलं जातं. दहाच पक्षी असतील आणि त्यातल्या दोघांवर दरड कोसळली, तर त्यांच्या चोचीचा त्यात काही संबंध नसतो.

चोच अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणं ठीक, पण एका जातीच्या दोन जाती कशा होतात? बहुतेकदा ताटातूट होऊन. मध्ये समुद्र येतो, डोंगर येतो, नदी पात्र बदलते. दोन्हीकडच्या समूहांत वेगवेगळे बदल साठत जातात. आणि पुन्हा गाठ पडते तेव्हा त्यांची जोडी जमत नाही, किंवा जमली तरी संतती धड होत नाही. हे सहसा हजारो, लाखो वर्षांचं काम, माणसाला बघायला मिळत नाही. ग्रँट दांपत्याला मात्र त्याची सुरुवात बघायला मिळाली. 1981 मध्ये डॅफ्नीवर एक परका नर येऊन उतरला. मोठं शरीर, जाडजूड चोच, गाणंही वेगळंच. शंभरहून अधिक किलोमीटर दूरच्या एस्पान्योला बेटावरून तो आला होता, हे पुढे डीएनएवरून कळलं. त्याने स्थानिक मादीशी घरटं मांडलं. फिंचची पोरं गाणं बापाकडून शिकतात आणि माद्या गाणं नि चोच पाहून जोडीदार निवडतात. साहजिकच या पाहुण्याच्या वंशातली पोरं परकं गाणं गाऊ लागली आणि स्थानिक माद्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मग दुसऱ्या पिढीपासून ही मंडळी आपसांतच जोड्या जमवू लागली. मधल्या एका दुष्काळात त्यांच्यातली एक भाऊ आणि एक बहीण एवढीच उरली होती, त्यांच्यापासून वंश पुन्हा वाढला. याला स्वतंत्र जात म्हणायचं का? शास्त्रज्ञ चाचरतात, आणि चाचरणंच बरोबर आहे. महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्या आईच्या पोटी मराठी बोलणारं मूल आलं, असं एकाही घरात कधी घडलं नाही. प्रत्येक पिढीला आईची भाषा समजत होती. तरी आज आपल्याला ती प्राकृत गाथा टीपांशिवाय कळत नाही. रेघ कुठे मारायची?

'माणूस माकडापासून झाला का' या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. आजच्या कुठल्याही माकडापासून झाला नाही. चिंपांझी आपले चुलत भाऊ. दोघांचा सामाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तो ना चिंपांझी होता ना माणूस. याचे पुरावे जीवाश्मांत आहेत, पण मला जास्त आवडतात ते मोडक्या वस्तूंचे पुरावे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपण करू शकत नाही. त्याच्या शेवटच्या टप्प्याचं जनुक आपल्याकडे आहे, पण मोडलेलं. बऱ्याच माकडांत आणि चिंपांझी-गोरिलांतही ते मोडलेलंच आहे. गिनी पिगमध्येही मोडलंय, पण ते स्वतंत्रपणे, वेगळ्या तऱ्हेने. दोन विद्यार्थ्यांची उत्तरं बरोबर असली तर शिक्षक संशय घेत नाही. दोघांनी त्याच ओळीत त्याच चुका केल्या तर कुणीतरी कुणाचं पाहून लिहिलंय किंवा दोघांनी एकाच वहीतून उतरवलंय, हे उघड असतं. आपली वही तीच.

जिराफाकडे परत येतो. त्याच्या मेंदूतून स्वरयंत्राकडे जाणारी एक चेता, म्हणजे मज्जातंतू, थेट जात नाही. स्वरयंत्राच्या अगदी जवळून ती निघते, अख्खी मान उतरून छातीत जाते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि अख्खी मान चढून परत वर येते. काही सेंटिमीटरच्या कामाला काही मीटरचा फेरा. आपल्यातही हाच वळसा आहे, फक्त लहान. माशांना मान नसते. माशासारख्या पूर्वजांत ही चेता धमनीच्या मागून कल्ल्यांकडे सरळ जात होती आणि त्यात गैर काही नव्हतं. पुढे मान आली, हृदय खाली सरकलं, आणि चेता धमनीला अडकून ओढली गेली. प्रत्येक पिढीत थोडं थोडं लांबवणं चालून गेलं. एकदा सोडून नव्याने घालणं कधीच शक्य झालं नाही, कारण मधल्या पिढीलाही जगायचं असतं. 'साठी'ने विचार करणाऱ्या कुणी ही जोडणी अशी केली नसती.

शेवटचा प्रयोग चंबूंचा. 24 फेब्रुवारी 1988 रोजी अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी ई. कोलाय जिवाणूंचे 12 चंबू मांडले. बाराही एकाच पूर्वजापासूनचे. प्रत्येकात थोडंसं ग्लुकोज. रोज प्रत्येक चंबूतला शंभरावा हिस्सा ताज्या चंबूत घालायचा, बस. दिवसाला साडेसहा-पावणेसात पिढ्या. दर 500 पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवायचे, म्हणजे हवं तेव्हा पूर्वजांना पुन्हा जिवंत करता येतं. द्रावणात ग्लुकोजच्या जोडीला सायट्रेटही भरपूर होतं, पण हवेतला ऑक्सिजन असताना ई. कोलायला ते खाता येत नाही. दिवसभरात ग्लुकोज संपायचं आणि जिवाणू सायट्रेटच्या रसात उपाशी बसायचे.

सुमारे 33,000 पिढ्यांनंतर, 2003 मध्ये, एक चंबू अचानक गढूळ झाला. त्यातल्या जिवाणूंना सायट्रेट खाता येऊ लागलं होतं. गोठवलेले पूर्वज काढून पुन्हा पुन्हा वाढवून पाहिले, तेव्हा कळलं की साधारण 20,000 पिढ्यांच्या अलीकडचे पूर्वज घेतले तरच हे पुन्हा जमतं. त्याआधीच्यांना जमत नाही. आधी काही बदल होऊन गेलेले असावे लागतात, ज्यांचा सायट्रेटशी तेव्हा काही संबंध नसतो.

बाकीच्या अकरा चंबूंत तेच सायट्रेट, तितकंच, पहिल्या दिवसापासून आहे. भूकही तीच. त्यानंतर आणखी हजारो पिढ्या उलटल्या, तरी त्यातल्या एकाही चंबूतल्या जिवाणूंना ते खाता आलेलं नाही.